पायाखाली लाकडाचा फोटो

"लाकडी जमीन? आपल्याकडे?" बंगळूरच्या आसपास कुणी दोन खोल्यांचं घरकुल बांधायला काढलं आणि त्यात खऱ्या लाकडाच्या, कारखान्यातून चकचकीत होऊन न आलेल्या फळ्या घालायचा मनोदय बोलून दाखवला, की हा प्रश्न कानावर येतोच. त्याला प्रश्न म्हणणंही चूक आहे, कारण निकाल आधीच लागलेला असतो आणि कारणं पाठ असतात. आपली हवा लाकडाला मानवत नाही. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात फटी पडतात. वाळवी वर्षभरात फडशा पाडते. न पॉलिश केलेलं लाकूड म्हणजे डागांना आमंत्रण, त्याची निगा कोण राखणार? शिवाय झाडं तोडणं आलं, खर्च आला, आणि मुळात हे थंड देशांतल्या लोकांचे चोचले. त्यापेक्षा हुबेहूब लाकडासारखी टाइल मिळते, ती घाला, ओल्या फडक्यानं पुसा आणि मोकळे व्हा.

हे सांगणारे अडाणी नसतात, हीच पंचाईत आहे. त्यांत इंटिरियर डिझायनर असतात, कंत्राटदार असतात, निवृत्त इंजिनियर असतात आणि नुकतंच घर लावून झालेला एखादा आतेभाऊ असतो, जो गेल्या सहा महिन्यांत बांधकामशास्त्राचा प्राध्यापक झालेला आहे. कर्नाटकानं २०२० साली जमीन सुधारणा कायदा बदलला, शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन घेता यायला लागली, आणि कनकपुरा, रामनगर, चिक्कबळ्ळापूर या बाजूंना शनिवार-रविवारच्या घरांना ऊत आला. पलीकडे सकलेशपूर-चिक्कमगळूरला उतरत्या छपरांच्या टुमदार 'केबिनी' रांगेनं उभ्या आहेत. बाहेरून अरण्यवास, आतून फ्लॅट. भिंतीला पाइनच्या पट्ट्या, छताला बांबू, अंगणात शेकोटीसाठी दगडांचं कडं, आणि पायाखाली लाकडाचा फोटो छापलेली विट्रिफाइड टाइल. माती दळायची, दाबायची, भट्टीत हजार-बाराशे अंशांवर भाजायची आणि तिच्या अंगावर लाकडाच्या रेषा छापायच्या. बरं, छपाईचे नमुने मोजकेच, त्यामुळे दाराशी दिसलेली गाठ खिडकीपाशी पुन्हा भेटते, पलंगाखाली तिसऱ्यांदा. निसर्गाच्या सान्निध्यात राहायला शंभर किलोमीटर गाडी हाकत जाणाऱ्या माणसाला हे खटकत नाही, आणि खरी फळी मात्र 'थेर' वाटते!

आता हवेचं घेऊ, कारण सगळ्यांचा भरवसा त्यावरच असतो. लाकूड हलतं, हे खरं. ते हवेतली ओल घेतं आणि सोडतं. रेषांच्या आडव्या दिशेला फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पण किती हलतं, हे हवेचा बागुलबुवा दाखवणाऱ्यांतलं कुणी कधी सांगतं का? लाकडातल्या ओलीचं प्रमाण चार टक्क्यांनी बदललं, तर १५० मिलिमीटर रुंदीची सागाची फळी साधारण एक मिलिमीटर हलते. एक मिलिमीटर! प्रत्येक फळी आपापल्या रिपांवर ठोकलेली असली, की हे हलणं सांध्यासांध्यांत वाटलं जातं. भिंतीच्या कडेनं दहा-बारा मिलिमीटरची मोकळी फट सोडायची आणि ती स्कर्टिंगच्या पट्टीखाली झाकायची, हे मुरलेल्या सुताराला सांगावंही लागत नाही. मार्चच्या कोरड्या दुपारी दोन फळ्यांमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी रेघ दिसेल, जुलैत ती मिटेल. याला बिघाड म्हणायचं असेल तर मग पावसाळ्यात जड होणारी आपली सगळी दारं-खिडक्याही बिघडलेल्याच म्हणायला हव्यात.

आणि बंगळूरची हवा वाईट कुणाच्या तुलनेत? हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे; इथं मुंबईचा घाम नाही, नागपूरचा मे नाही. ज्या 'थंड देशां'चं नाव निघतं, तिथली गोष्ट बघा. शिकागोत हिवाळाभर घर तापवलेलं असतं, घरातली हवा ओठ फुटतील इतकी कोरडी होते. उन्हाळ्यात तेच घर दमट. बंगळूरला लाकडाला जेवढं सोसावं लागतं, त्याहून जास्त तिथल्या ओकच्या फळ्या दरवर्षी सोसतात. पण त्याच शिकागोच्या किंवा न्यू जर्सीच्या भाच्याच्या घरी महिनाभर राहून आलेले काका तिथल्या लाकडी जमिनीचे फोटो सगळ्यांना दाखवतात, आणि इकडे कनकपुरा रस्त्यावर पुतण्यानं तीच घालायची म्हटली की "आपल्या हवेत नाही रे टिकत." हवा आपली वाईट की लाकडाचा मान परदेशात गेल्यावरच वाढतो?

फळ्या खरोखर बिघडतात तेव्हा त्यामागे हवेपेक्षा घाई जास्त असते. ताज्या काँक्रीटला आतून सुकायला महिने लागतात. वरून कोरडा दिसणारा कोबा आतून ओल सोडत असतो. त्यावर पंधरवड्यात फळ्या चिकटवल्या तर त्या फुगणारच. वखारीतून काल उतरलेलं, आतून ओलं लाकूड आज ठोकलं तर ते आकसणारच. ओल मोजायचं यंत्र हातात मावेल एवढं असतं. दोन सुया लाकडात टोचायच्या, आकडा वाचायचा. दहा-बारा टक्क्यांच्या आसपास आकडा येईपर्यंत फळ्या त्याच खोलीत, मध्ये काड्या घालून, वारा खेळेल अशा रचून ठेवायच्या. दसरा-दिवाळी उलटल्यावर, हवा ना फार ओली ना फार कोरडी असताना ठोकायच्या. यात कुठलं परदेशी तंत्रज्ञान आलं? लाकूड मुरू द्यायचं असतं, हे आपल्याकडे बैलगाडी करणाऱ्यालाही ठाऊक होतं. ते विसरलो आपण, आणि दोष हवेला.

मग वाळवी. वाळवीचं नाव काढलं की समोरचा गप्प होतो, असा यांचा अनुभव असावा. बंगळूरच्या जुन्या बाजारपेठेत, कोटे वेंकटरमण देवळाशेजारी टिपूचा उन्हाळी महाल उभा आहे. हैदरअलीनं १७८१ साली काम सुरू केलं, टिपूनं १७९१ साली ते पुरं केलं. खांब, कमानी, सज्जे बहुतेक सगळं सागवानी. टिपू गेल्यावर इंग्रजांनी तिथं कचेरी थाटली, ती १८६८ साली अट्टारा कचेरी या नव्या इमारतीत हलेपर्यंत. म्हणजे या वास्तूनं राजा पाहिला, कारकून पाहिले, दोन शतकांचे पावसाळे पाहिले. वाळवी काय फक्त आजकालच्या प्लॉटांवरच राहते? त्या खांबांखाली दगडी बैठका आहेत, आणि सगळं मर्म तिथं आहे. आपल्याकडची घर पोखरणारी बहुतेक वाळवी मातीतून येते, मातीच्या नळ्या बांधत वर चढते. लाकडाचा मातीशी संबंध तोडला की तिची वाट उघड्यावरून जाते आणि उघड्यावरची नळी डोळ्यांना दिसते. बंगळूर-कोलार पट्ट्यात शेताच्या कुंपणालाही ग्रॅनाइटचे उभे खांब लावतात, इतका तो दगड इथं हाताशी आहे. असे खांब रोवून छोटं घर दोन फूट वर उचललं, खाली वारा खेळता ठेवला, तर महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन वाकून बघितलं की झालं. पायाच्या मातीवर बांधकामाआधी औषध मारायची पद्धत आहे, तिचं भारतीय मानकही आहे. हे सगळं सोडून 'वाळवी' एवढाच शब्द उच्चारायचा आणि विषय संपवायचा, याला काय म्हणावं?

आणि लाकूड किती टिकतं हे अंदाजानं सांगायची गरजच नाही. याच शहरात, मल्लेश्वरममध्ये, लाकडावर संशोधन करणारी संस्था आहे. १९३८ साली म्हैसूर संस्थानाची वन संशोधन प्रयोगशाळा म्हणून ती सुरू झाली, १९८८ पासून इन्स्टिट्यूट ऑफ वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजी या नावानं चालते. लाकडाचा टिकाऊपणा तपासायची एक चाचणी आहे, तिचं नाव 'ग्रेव्हयार्ड टेस्ट'. लाकडाचे खुंट जमिनीत अर्धे पुरायचे, वाळवी आणि बुरशीला खुलं निमंत्रण द्यायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. सरासरी १२० महिने किंवा त्याहून जास्त टिकलं तर ते वरच्या वर्गात. सागाचा गाभा त्या वर्गात बसतो. म्हणजे उघड्या मातीत, कसलंही औषध न लावता, दहा वर्षं. तुमच्या बैठकीच्या खोलीत तर त्याला छप्पर असणार आहे.

तरी कुणी अडून बसलंच, तर मुंबईच्या गोदीकडे बोट दाखवावं. १८१७ साली तिथं 'ट्रिंकोमाली' नावाची लढाऊ नौका पाण्यात उतरली, वाडिया घराण्यातल्या जहाजबांधकांच्या देखरेखीखाली, मलबारी सागातून बांधलेली. आज ती इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. दोनशे वर्षं खारं पाणी पचवलेल्या लाकडाच्या भाईबंदांना कनकपुऱ्याच्या पावसाचं भय घालायचं म्हणजे जरा अतीच होतं.

पुढचा आक्षेप जास्त मजेदार आहे. 'रस्टिक' म्हणजे टाकाऊ माल, असं म्हणणाऱ्यांचा एक गट आहे. आणि 'अनफिनिश्ड' म्हणजे काम अर्धवट सोडलेलं, असं समजणाऱ्यांचा दुसरा. पहिल्यांचं निम्मं खरं आहे, पण चुकीच्या निम्म्यावर ते भांडतात. फळीत गाठी असणं, रंगाचे पट्टे असणं, करवतीची खूण राहणं यानं ताकदीला बाध येत नाही. गाठ घट्ट असली की पुरे. घ्यायचं नाही ते सालीलगतचं पांढुरकं, कच्चं लाकूड. सागाचं असलं तरी भुंगा त्यालाच आधी लागतो, पिठासारखा भुसा पडायला लागतो. वखारवाले 'रस्टिक लुक, सार' म्हणत नेमकं तेच गळ्यात मारतात. तेव्हा गाठी आनंदानं घ्याव्यात आणि पांढरी कड निर्दयपणे परत पाठवावी. कारखान्यात नव्या फळीवर साखळ्या आपटून, खरवडून तिला 'जुनी' करून विकतात, तो प्रकार मात्र माझ्या डोक्यात जातो. चरे पडायचेच आहेत, पण ते आपल्या पायांनी पडू देत की!

'अनफिनिश्ड'चा अर्थ एवढाच, की फळी कच्ची येते, जागेवर ठोकली जाते, मग अख्खी जमीन एका सपाटीत घासली जाते आणि वर काय लावायचं ते घरमालक ठरवतो. कारखान्यात रंगवलेल्या फळ्यांना प्रत्येक सांध्याशी बारीक उतार द्यावा लागतो, कारण दोन फळ्यांच्या जाडीतला फरक नंतर घासता येत नाही. तो उतार पुढं धूळ साठवतो. कच्च्या फळीला ती भानगड नाही. वर जवसाचं उकळलेलं तेल आणि मधमाश्यांचं मेण घासलं तर लाकूड पायाला लाकडासारखं लागतं. पॉलियुरेथेनचे तीन हात म्हणजे नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक न काढण्यातला प्रकार. शिवाय त्या कवचाला खोल चरा पडला तर तेवढ्यापुरतं ठिगळ दिसत राहतं, तेलाच्या जमिनीवर मात्र तेवढीच जागा घासून पुन्हा तेल लावता येतं. वीस मिलिमीटरची भरीव फळी दोन-तीन पिढ्यांत कितीदा तरी घासून नवी करता येते. लॅमिनेटच्या पट्टीला एकदाही नाही: तिच्यात भुशाचा दाबलेला पुठ्ठा, वर छापील कागद, त्यावर पारदर्शक थर. कडेनं पाणी शिरलं की पुठ्ठा फुगतो आणि फुगलेला खाली बसत नाही. पाण्याच्या भीतीनं लाकूड टाळायचं आणि त्याच्याहून जास्त पाण्याला भिणारी वस्तू घरात आणायची, हा हिशेब मला आजवर कुणी समजावून दिलेला नाही.

"पण निगा?" बरोबर, निगा लागते. वर्षा-दोन वर्षांनी एक रविवार तेलात जातो, सांडलेलं पाणी लगेच पुसावं लागतं. यावर एवढं आकांडतांडव करणारे कुठल्या घरांतून आले आहेत? आपल्या आज्या आठवड्याला, काही घरांत रोज, अख्खं घर शेणानं सारवत होत्या. त्या जमिनीची निगा कुणाला जुलूम वाटली नाही, म्हणजे करणाऱ्या बायकांना वाटली असेल, पण मत मांडणाऱ्या पुरुषांना नक्कीच नाही. आज वर्षातून एकदा स्वतःच्या हातानं तेलाचं फडकं फिरवायची वेळ आली की ते अचानक 'अव्यवहार्य' होतं. आणि कच्चं लाकूड पायाखाली असणं आपल्याला परकं, हे तर अजिबात पटणारं नाही. पुण्याच्या जुन्या वाड्यांत वरच्या मजल्याची जमीन कडीपाटावरच उभी होती. कोकणात माळ्याला ऐना-किंजळाच्या फळ्या असायच्या, पाऊस चार महिने कोसळत असताना. आणि उंबरठा? घरातलं सर्वांत जास्त तुडवलेलं, रोज पाण्यानं धुतलेलं, हळद-कुंकू आणि रांगोळी झेललेलं लाकूड तेच. त्यावर कुणी लॅकर मारला होता? मधोमध झिजून खळगा पडला तरी कुणी तो 'डॅमेज' म्हणून बदलला का?

झाडांचा कळवळा हा शेवटचा हुकमी पत्ता. तो टाकणाऱ्याच्या हातात बहुधा विट्रिफाइड टाइलचा कॅटलॉग असतो. त्या टाइला आपल्याकडे मुख्यतः गुजरातेतल्या मोरबीहून येतात. तिथले कोळशापासून गॅस करणारे गॅसिफायर हवा-पाणी इतकं नासवत होते, की २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाला ते बंद करायचा हुकूम द्यावा लागला. भट्ट्या आजही चोवीस तास जळतात, इंधन बदललं एवढंच. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, आणि फळी जमिनीत असेपर्यंत तो तिथंच राहतो. साग तोडायचा तो कुणाच्या देवराईतला नाहीच. निलांबूरला सागाची लागवड १८४० च्या दशकात सुरू झाली, पावणेदोनशे वर्षं माणूस हे झाड लावतो आहे आणि तोडतो आहे. उत्तर कन्नडमधल्या दांडेलीत वनखात्याचा डेपो आहे, तिथला माल लिलावानं रीतसर विकला जातो. वखारीतून घेताना पावती आणि वाहतुकीचा परवाना मागावा, देत नसेल तर दुसरी वखार गाठावी. पाडलेल्या जुन्या घरांचं लाकूड मिळालं तर सोन्याहून पिवळं, ते आधीच शंभर वर्षं मुरलेलं असतं. फक्त आतले खिळे शोधून काढायला चुंबक लागतं आणि थोडा संयम.

न्हाणीघरात फळ्या घालू नयेत, भाड्याच्या घरात घालू नयेत, एवढं मी मान्य करतो.

राहिला कंत्राटदार. बंगळूरात तो "बेडा सार" म्हणतो, नको हो साहेब, आणि आपण त्याला तज्ज्ञाचं मत समजतो. त्याच्या जागी उभं राहून बघावं. टाइल दोन दिवसांत बसते, डीलर कमिशन देतो, मिस्त्री गल्लीत मिळतो. फळ्यांना आठवडे मुरू द्यावं लागतं, ओल मोजावी लागते, रंधा धरता येणारा माणूस शोधावा लागतो, आणि तेवढ्या वेळात तो दुसऱ्या तीन साइट उरकेल. तो त्याच्या धंद्याचं बोलतो आहे आणि त्यात गैर काही नाही. आपण ते लाकडाबद्दल आहे असं समजून मान डोलावतो, गैर ते आहे.

आणि पैसे? दोनशे चौरस फुटांच्या केबिनचा हिशेब करू. वीस मिलिमीटर जाडीनं सुमारे तेरा घनफूट लाकूड लागतं, कापण्यातली घट धरून सोळा. चौकटीसकट भरीव सागवानी मुख्य दाराला, घट धरली तर, चार-पाच घनफूट सहज जातात. म्हणजे अख्खी जमीन साधारण तीन-चार दारांच्या लाकडात होते. मोठ्या घरात हा खर्च टोचेल, छोट्यात नाही; लाकडी जमिनीसाठी छोटं घर हीच योग्य जागा आहे, आणि नेमकं तिथंच 'परवडत नाही'चं रडगाणं सुरू होतं. तेही कुणाचं? ज्यांनी पाहुण्यांना दिसावं म्हणून दाराला गणपती कोरलेलं जाड सागवान लावलेलं आहे, त्यांचं. दाराला येता-जाताच हात लागतो, जमिनीवर रोज अनवाणी पाय पडतात. तेव्हा लाकडाचा पैसा कमी पडत असेल तर दाराचं कोरीवकाम आधी रद्द करा, कपाटांना प्लायवूड लावा, डेकवरचा झोपाळा पुढच्या वर्षी घ्या. जमिनीला भरीव, कच्ची, गाठींची फळीच घाला.